बारीक सर्किट बोर्डावर प्रोब निसटतो? या चुका टाळा

सोलापुरात यंत्रमागाचा किंवा इन्व्हर्टरचा कंट्रोल बोर्ड दुरुस्तीसाठी टेबलावर आला की अनेकांचा हात सवयीने घडी घातलेल्या टॉवेलकडे जातो. बोर्डाला ओरखडे पडू नयेत हा हेतू चांगला असला, तरी प्रोब (मीटरच्या तारेचे धातूचे टोक) निसटण्याची सुरुवात तिथेच होते. मऊ घडीवर ठेवलेल्या बोर्डाचा एक कोपरा दाबला की दुसरा वर उचलला जातो, खालच्या बाजूने निघालेली टोके टॉवेलच्या फाशांत अडकतात आणि आपण प्रोब स्थिर धरण्याऐवजी हलत्या बोर्डाचा पाठलाग करत राहतो. त्यापेक्षा बोर्डाच्या कोपऱ्यांवरील भोकांत नायलॉनचे स्पेसर कसून तो एका जड लाकडी फळीवर उभा करावा. छोट्या बोर्डासाठी साधा पीसीबी (सर्किट बोर्ड) धरण्याचा शिकंजाही पुरतो. बोर्ड हलेनासा झाला की ‘माझा हात थरथरतो’ ही तक्रार बरीचशी आपोआप मिटते.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही हातांत दोन प्रोब आणि डोळे मीटरच्या आकड्यावर. नजर वळताच टोक सरकते. व्होल्टेज मोजताना काळा प्रोब हातात धरण्याचे कारणच नाही. त्याला क्रोकोडाइल क्लिप लावून ती ग्राउंडवर, म्हणजे जिथून व्होल्टेज शून्य धरून मोजतात त्या जागी, अडकवावी आणि केवळ लाल प्रोब हलवावा. मात्र ग्राउंड म्हणून कोणताही पत्रा गृहीत धरू नये. 7805 या रेग्युलेटरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीचा) मागचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो, तर त्याच आकाराच्या एलएम 317 चा पत्रा आउटपुटला असतो. विजेवर थेट चालणाऱ्या सप्लायमध्ये तर दोन वेगळी ग्राउंड असतात. 230 व्होल्ट मेन्सच्या बाजूच्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि त्या बाजूच्या ग्राउंडवर क्लिप लावून दुसऱ्या बाजूचे 5 व्होल्ट मोजू गेल्यास मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर

माझा स्वतःचा सर्वांत महागडा धडा यंत्रमागाच्या एका बोर्डावरचा आहे. 24 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारी आठ पिनांची आयसी होती आणि मला तिच्या फीडबॅक पिनेवरचे (आउटपुट किती आहे हे आयसीला कळवणाऱ्या पिनेवरचे) व्होल्टेज पाहायचे होते. अशा आयसीच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंतील अंतर 1.27 मिलिमीटर, म्हणजे मधली मोकळी जागा एक मिलिमीटरहूनही कमी असते. माझ्या मीटरच्या प्रोबचे टोक त्या मानाने बोथट होते. ते घसरले आणि फीडबॅक व शेजारचे ग्राउंड या दोन्ही पिनांना एकाच वेळी टेकले. फीडबॅक शून्यावर गेल्यामुळे आउटपुट कमी पडते आहे असे आयसीने मानले, तिने ते पूर्ण ताकदीने वर ढकलले आणि 5 व्होल्टच्या रेषेवरील कंट्रोलर क्षणात गेला. ठिणगी उडाली नाही, आवाज झाला नाही. केवळ हिरवा दिवा विझला. बोर्ड दुरुस्तीला आला होता तो एका रिलेसाठी.

त्या दिवसापासून मी प्रोबच्या टोकावर हीटश्रिंकची (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी चढवून पुढचा जेमतेम दीड मिलिमीटर धातू उघडा ठेवतो. बारीक कामासाठी शिवणाची सुई लाल लीडला सोल्डर करून तिच्यावरही तशीच नळी चढवलेली आहे. ही सुई कमी व्होल्टेजच्या बाजूलाच वापरावी. मेन्सच्या बाजूला मीटरबरोबर आलेलाच प्रोब घ्यावा आणि बोटे त्याच्या कड्याच्या मागे ठेवावीत.

सुईचा आणखी एक उपयोग आहे. कारखान्यातील बऱ्याच बोर्डांवर ओल आणि धूळ लागू नये म्हणून वार्निशचा थर दिलेला असतो. बोथट टोक त्यावर दाबले की ते सरकते, आणि सरकले नाही तरी मीटर शून्य दाखवतो. अशा शून्यावर विश्वास ठेवून चांगली आयसी काढून टाकणारे मी पाहिले आहेत. सुईने थर हलकेच भेदावा आणि आकडा पुन्हा पाहावा.

पिनेचा हट्ट

अर्धा मिलिमीटर अंतराच्या पिनांवर प्रोब टेकवण्याचा आग्रह मुळात का धरावा? तीच रेषा पुढे एखाद्या रेझिस्टरच्या किंवा कॅपॅसिटरच्या टोकाला गेलेली असते. 0603 आकाराचा कॅपॅसिटर 1.6 मिलिमीटर लांब असतो आणि त्याच्या टोकावर प्रोब निवांत टेकतो. याला अपवाद ड्राय सोल्डरच्या, म्हणजे नीट न जुळलेल्या सांध्याच्या, शोधाचा. तेव्हा पिनेवर आणि तिच्या पॅडवर (पिन जिथे सोल्डर केलेली असते त्या बोर्डावरील तांब्याच्या ठिपक्यावर) स्वतंत्रपणे मोजावे लागते, पण तेथेही जोर देऊ नये, कारण दाबामुळे तडा तात्पुरता मिटतो आणि दोष असलेला सांधा निर्दोष दिसतो.

एकाच ठिकाणचे व्होल्टेज दहा मिनिटे पाहायचे असेल तर हात थकणारच. अशा वेळी सप्लाय बंद करून त्या जागी 30 गेजची बारीक तार सोल्डर करावी, ती बोर्डावर कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवावी आणि मग तारेच्या दुसऱ्या टोकाला क्लिप लावावी. टेप लावायला विसरल्यास क्लिपच्या ओझ्याने पॅडच उखडून येते.

मनगट अधांतरी ठेवू नये. करंगळी बोर्डाशेजारी टेबलावर टेकवून प्रोब पेन्सिलसारखा धरावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो आणि घामाने बोटे घसरतात, म्हणून हातरुमाल जवळ असावा. घामाचा दुसरा त्रास कमी लोकांच्या लक्षात येतो: मोठा रेझिस्टर मोजताना दोन्ही हातांची बोटे दोन्ही टोकांच्या धातूला लागली तर शरीर त्या रेझिस्टरला समांतर जोडले जाते आणि 1 मेगाओहमचा चांगला रेझिस्टर कमी किमतीचा दिसतो.

ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) प्रोबची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याची ग्राउंड क्लिप बहुधा अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे ती सप्लायच्या मेन्सच्या बाजूला लावली की थेट शॉर्ट होतो. बारीक बोर्डावर वेगवान सिग्नल पाहताना त्या लांब काळ्या तारेमुळे पडद्यावर सिग्नलच्या कडेला प्रत्यक्षात नसलेल्या लहरी दिसतात. तार काढून टोकाजवळ बसणारी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावावी. क्रिस्टलवर (बोर्डाला ठरावीक गतीचे ठोके देणाऱ्या भागावर) मोजताना प्रोब नेहमी 10एक्सवर, म्हणजे सिग्नल दहापट कमी करणाऱ्या खुणेवर, असावा. 1एक्सवर प्रोबची कपॅसिटन्स इतकी जास्त असते की चालू असलेला क्रिस्टल मोजता मोजताच बंद पडतो आणि तोच बिघाड समजून आपण तो बदलायला घेतो.