कोणी 'चॉप-चॉप' म्हणालं तर

इंग्लंडमध्ये नोकरीला लागलात की थोड्याच दिवसांत हा शब्द कानावर पडेल, कधी दोन टाळ्यांसकट: 'चॉप-चॉप!' आटपा, हात चालवा, एवढाच त्याचा अर्थ. कापण्याचिरण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मी इथे आले तेव्हा एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करायचे. जेवणाचे ट्रे लावताना आमच्या सुपरवायझर बाई मला असं म्हणाल्या आणि मला ते फार लागलं. घरी येऊन रडले. काही महिन्यांनी त्यांनी घरी चहाला बोलावलं, तर दारात बूट घालत रेंगाळणाऱ्या नातवाला त्या अगदी त्याच सुरात म्हणत होत्या, 'चॉप-चॉप!' आपली आजी 'चल चल, आटप' म्हणते तसंच. तेव्हा मनातली अढी गेली. म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येकीला मी हे आधीच सांगून ठेवते.

शब्द मुळात इंग्रजांचा नाही. 1757 ते 1842 या काळात चीनने युरोपीय व्यापाऱ्यांना कँटन या एकाच बंदरात व्यापाराची मुभा दिली होती. परक्यांना चिनी शिकवायला बंदी होती. गोदीवर, वखारीत, होड्यांवर इंग्रजी शब्द आणि चिनी वळण यांची एक कामचलाऊ बोली त्याआधीपासूनच घडत होती, ती या काळात चांगलीच रुजली. तिला पिजिन म्हणतात. तिच्यात 'चॉप' म्हणजे लवकर. घाईचा शब्द दोनदा म्हणायची रीत चिनीत आहे आणि आपल्याकडेही आहे: पटपट, भरभर, लवकर लवकर. त्यामुळे मराठी कानाला हा शब्द खरं तर परका वाटायला नको.

त्या कँटनला मुंबईची जहाजं कापूस आणि अफू घेऊन सतत जात असत. ज्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी तिथल्या अनेक सफरी केल्या. ही बोली त्यांच्या कानावरून नक्की गेली असणार.

जेवणाच्या काड्यांना 'चॉपस्टिक' म्हणतात तेही याच 'चॉप'वरून, असं मानतात. चिनीतल्या त्यांच्या नावातही 'जलद' या शब्दाचा उच्चार आहे. विल्यम डँपियर या दर्यावर्द्याने 1699 साली छापलेल्या प्रवासवर्णनात इंग्रज खलाशांचा हा शब्द नोंदवला आहे. मात्र त्याच बंदरात शिक्क्याला आणि परवान्यालाही 'चॉप' म्हणत. तो शब्द निराळा, आपल्या 'छाप'वरून गेलेला. मला याचं फार अप्रूप वाटतं. दोन्हींची गल्लत मात्र करू नका.

आता वापराचं. हा शब्द मोठ्याने लहानाला, वरच्याने खालच्याला किंवा जिवलगाने जिवलगाला म्हणायचा. साहेबाला, गिऱ्हाइकाला, पेशंटला कधीच नाही. चिनी वंशाच्या सहकाऱ्याला तर मुळीच म्हणू नका. गोऱ्या मालकांनी चिनी नोकरांना याच शब्दाने पिटाळलं आहे. तुम्ही मनात काही न ठेवता म्हणालात तरी समोरच्याला ते बोचू शकतं.

तुम्हाला कोणी म्हणालं तर 'जस्ट कमिंग' म्हणा आणि काम चालू ठेवा. 'गेट युअर स्केट्स ऑन' किंवा 'शेक अ लेग' ऐकलंत तरी मतलब तोच. दर वेळी टाळ्या वाजवून फक्त तुम्हालाच कोणी घाई करत असेल, तर मात्र गप्प बसू नका. एकांतात गाठून शांतपणे सांगा की मला नावाने हाक मारा.

आणि घाई तुम्हालाच असेल तर? इथे ती हळू आवाजात सांगतात: 'व्हेन यू गेट अ मोमेंट'. वरिष्ठांकडून हे वाक्य ऐकलंत तर हातातलं काम ठेवून आधी त्यांच्याकडे जा.