डोंगरावर पहिल्या रात्री झोप लागत नाही तेव्हा

लातूर, संभाजीनगरचं पठार समुद्रसपाटीपासून ५००-६०० मीटरवर, म्हैसमाळ फार तर हजारावर. तिथे काही जाणवत नाही. पण मनालीला (सुमारे २,००० मीटर) किंवा त्याहून वर बद्रीनाथला मुक्काम केला, की धडधाकट माणूसही पहिल्या रात्री सारखा जागा होतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, दाब मात्र कमी. २,५०० मीटरवर साधारण पाऊण. त्यामुळे झोपेत श्वास जोरात चालतो, कार्बन डायऑक्साइड घटतो, मग श्वास काही सेकंद मंदावतो किंवा थांबतो आणि पुन्हा जोरात सुरू होतो. शेजारी झोपलेला घाबरतो, पण निरोगी माणसात हे सहसा धोक्याचं नसतं. गाढ झोप मात्र कमी होते.

पहिल्या दिवशी चढण निम्म्या वेगाने चढा; रोज पळणाऱ्यांनाही दम लागतोच. झोपेसाठी दारू किंवा गोळी नको, श्वास आणखी मंदावतो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. ट्रॅव्हलवाल्यांचं वेळापत्रक हे क्वचितच पाळतं, तेव्हा बुकिंगआधीच विचारा. डोकेदुखीसोबत उलट्या झाल्या तर वर जाणं थांबवा. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली उतरा.