आखाजीच्या दुसऱ्या दिवशी: अंगणातल्या पुस्तक प्रकाशनाची तयारी

गेल्या वैशाखात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन आम्ही अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, माहेरच्या अंगणात केलं. दोन महिने आधीपासून मी वहीत यादी करत होते. मंडप, माईक, पुस्तकांचे गठ्ठे, बट्टीचं पीठ, सगळं तीत होतं. आता माझ्या मावसबहिणीची पहिली कादंबरी येते आहे आणि तिने ती यादी मागितली. आहे तशी पाठवायला मन धजेना, कारण सगळ्यांत आधी करायचं काम तीत नव्हतंच. म्हणून ती नव्याने लिहिते आहे.

तर पहिलं काम. पुस्तक छापायला जाण्याआधी, शेवटची प्रुफं हातात असताना, घरातली जी माणसं पुस्तकात आली आहेत त्यांची नावं एका कागदावर काढा. नाव बदललं, गाव बदललं, रंग गोऱ्याचा सावळा केला, तरी ज्याचं त्याला कळतं. मग एकेकाच्या घरी जा आणि त्याचा भाग त्याला वाचून दाखवा. वाचायला देऊन येऊ नका, समोर बसून वाचा. पुण्यातल्या दोन मैत्रिणी, धुळ्याचे एक सर आणि माझे संपादक अशा चौघांनी माझं हस्तलिखित वाचलं होतं. ज्या बाईवर अख्खी कादंबरी उभी आहे, त्या माझ्या फुईने, म्हणजे आत्याने, मात्र त्यातली एक ओळही ऐकली नव्हती. फुईला वाचता येत नाही. तिला वाचता येत नाही म्हणून तिला विचारायचं माझ्या मनातच आलं नाही, आणि ही माझी चूक मी आजही पुसू शकलेले नाही.

आपल्या भागात तरी हे व्हायला नको होतं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी घरातल्या पोरांनी ऐकून उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. छापलेलं पुस्तक त्या माउलीच्या हातात पडलंच नाही. हे मी शाळेपासून ऐकत आले होते, भाषणातही सांगणार होते. माझ्याच घरात तशी एक बाई बसलेली आहे, हे मला दिसलं नाही.

वाचून दाखवल्यावर समोरचा गप्प राहिला तर घाई करू नका. चहा घ्या, दुसरं काही बोला, चार दिवसांनी पुन्हा जा. एखादं वाक्य काढायला सांगितलं तर त्यावर मनापासून विचार करा. लेखकाचं स्वातंत्र्य मला मान्य आहे, पण ज्याच्या दुःखावर आपण २०८ पानं लिहिली, त्याला ते सगळ्यांच्या आधी ऐकण्याचा हक्क आहे असं मला वाटतं. हे काम प्रुफं सुटण्याच्या किमान महिनाभर आधी उरकलेलं हवं, म्हणजे बदल करायला जागा राहते.

दुसरं, तारीख. आम्ही आखाजीचा दुसरा दिवस धरला आणि तो बरोबर ठरला. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, कडुलिंबाला झोके लागलेले असतात, सुरत-उधन्याला कामाला गेलेली घरं भुसावळ पॅसेंजरने गावी परतलेली असतात. वेगळं बोलावून ही माणसं कधीच एका अंगणात येणार नाहीत. खुद्द आखाजीचा दिवस मात्र घेऊ नका. त्या दिवशी पितरांची घागर असते, पुरणपोळी आणि आमरस होतो, दुपारी अंग जड होतं आणि पुरुष मंडळी पत्त्यांच्या डावावरून उठत नाहीत. शिवाय तो साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे लग्नंही त्याच दिवशी असतात. मंडपवाला आणि स्पीकरवाला दोन महिने आधी सांगून ठेवावा लागतो. पुढे एकादशीला अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांच्या यात्रेचा रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. तेव्हा तालुक्याचा प्रत्येक माणूस तिकडे असतो, म्हणून एकादशीच्या आधीच उरकून घ्या. काही जण मला म्हणाले, हिवाळ्यात घे, शेतात भरीत-पुरीचा बेत करू. बेत चांगला आहे. पण तेव्हा कापसाची वेचणी चालू असते आणि गव्हाला पाणी द्यायला लाईट रात्री येते. माझे दोन्ही भाऊ त्या दिवसांत रात्रभर शेतात असतात. त्यांच्याशिवाय मला प्रकाशन नको होतं.

वेळ संध्याकाळी साडेसहानंतरचीच ठेवा. वैशाखात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो आणि ओट्याचा दगड सूर्य बुडाला तरी तापलेलाच राहतो. आम्ही चार वाजल्यापासून तीनदा अंगणात पाणी मारलं. पिण्याच्या थंड पाण्याचे २० लीटरचे सात जार आणले होते, शंभर माणसांना जेमतेम पुरले. दहा सांगा. लाईट जाणार हे धरूनच चाला. स्पीकरवाल्याकडे बॅटरीवर चालणारा संच आहे का ते आधी विचारा आणि ओट्यावर दोन चार्जिंगचे दिवे ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला पान दिसेल.

तिसरं काम पुस्तकांचं. प्रकाशक दूरचा असेल तर गठ्ठे किमान दहा दिवस आधी घरी पोचले पाहिजेत. ते आल्यावर लगेच उघडा आणि एकेक प्रत चाळा. माझं पुस्तक २०८ पानांचं, म्हणजे १६ पानांचे १३ फर्मे. एका गठ्ठ्यातल्या सात प्रतींत नववा फर्मा दोनदा बांधला गेला होता आणि दहावा नव्हताच, त्यामुळे १४४ व्या पानानंतर पुन्हा १२९ वं पान लागत होतं. वेळ हातात होता म्हणून बदलून मिळाल्या. त्यातली एखादी प्रत व्यासपीठावर गेली असती तर? मलपृष्ठावरचा १३ आकडी आयएसबीएन आणि आतल्या पानावरचा एकच आहे ना, तेही ताडून बघा. स्वतःच प्रकाशन करत असाल तर तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो, फी लागत नाही. फक्त अर्ज मुखपृष्ठ ठरण्याच्या बराच आधी करा. गठ्ठे उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, पाठीचा डिंक सैल होतो. घरातल्या सगळ्यांत गार खोलीत, जमिनीवर फळी टाकून, पाण्याच्या माठापासून लांब ठेवा.

प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते, १९५४ चा तसा कायदा आहे. हे काम प्रकाशकाचं, तरी त्याला एकदा आठवण करा. गावातल्या आणि तालुक्यातल्या वाचनालयाची प्रत आपण स्वतः नेऊन द्यावी.

आमंत्रण. पत्रिका छापलीच तर खाली नावं घालताना घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला शेजारी बसवून घाला. एक नाव गाळलं गेलं तर पुढच्या लग्नापर्यंत पुरतं. मी पत्रिका छापली नाही. व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवला आणि मग प्रत्येकाला फोन केला, भाऊबंदांच्या घरी स्वतः जाऊन आवतन दिलं. चार दिवस गेले, पण ते चार दिवस मला फार काही देऊन गेले. बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "पुस्तकमा मनं नाव शे का?" म्हणजे पुस्तकात माझं नाव आहे का? प्रश्न हसत विचारला जातो, पण उत्तराची वाट खरोखर पाहिली जाते. उत्तर तयार ठेवा आणि खरं द्या.

व्यासपीठावर कोण, यावरून आमच्या घरात दोन रात्री गेल्या. थोरल्या भावाला तालुक्यातला एखादा पुढारी हवा होता. मी नको म्हटलं आणि अजूनही माझं मत तेच आहे. पुढारी आला की कार्यक्रम त्याच्या वेळेवर होतो आणि पुस्तकाबद्दल कुणी बोलत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी तिन्ही दिवस मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होते. मोठ्या मंडपाला मोठी माणसं शोभतात. अंगणाला अंगणातली. आमच्या मराठी शाळेच्या निवृत्त बाईंनी मला बाराखडी शिकवली, त्यांच्या हातून प्रकाशन केलं, शेजारी नाना बसले. सत्कार टॉवेल-टोपी आणि साडी-चोळीचे, तेही चारच. भाषणं तीन, प्रत्येकी सात मिनिटं, आणि वेळ सांभाळायला भाचीला समोर बसवलं. पुस्तकावरचा कागद आधी सैल करून ठेवा, बाईंच्या थरथरत्या हातांना चिकटपट्टी निघेना आणि मला उठून जावं लागलं.

जेवण वरण-बट्टीचं ठेवा. आदल्या दिवशी पुरण झालेलं असतं, गोड नको वाटतं. बट्टीचं पीठ रवाळ दळून आणा, गव्हात थोडा मका घाला, ओवा-हळद सढळ हाताने. शंभर माणसांना १५ किलो पीठ आणि ५ किलो तूरडाळ लागली. सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. बट्ट्या दुपारीच उकडून ठेवल्या की कार्यक्रम संपता संपता तळायला घेता येतात आणि घरातल्या बायांनाही समोर बसून ऐकता येतं. स्वयंपाकघरातल्या बाया ऐकायला बाहेर आल्या पाहिजेत, यासाठी वेळापत्रक जमवाच. माझं पुस्तक त्यांच्यावरच आहे.

विक्रीच्या टेबलावर स्वतः बसू नका. एका चुलीला एक प्रत भेट, बाकीच्या विकत, असं आम्ही ठरवलं आणि चुलतभावाने ते न लाजता सांगितलं. सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही ठेवा. सह्यांसाठी साधं बॉलपेन घ्या, जेलची शाई घामाच्या हाताने फिसकटते.

आता वाचन. मी चौथं प्रकरण निवडलं होतं, कारण त्यातले संवाद अहिराणीत आहेत आणि घरच्या माणसांना ते आवडतील असं मला वाटलं. आठ दिवस आरशासमोर मोठ्याने वाचून सराव केला. या प्रकरणात लग्नानंतर तीन वर्षांनी एका पेटीनिशी माहेरी परत आलेली बाई आहे, पहाटे विहिरीवर ती एकटीच बोलते. फुई पहिल्या ओळीत बसली होती, ओटीतला नारळ मांडीवर. दुसऱ्या पानाला तिने पदर तोंडाला लावला. तिसऱ्याला उठली आणि आत गेली. लोकांना वाटलं बट्ट्या बघायला गेली असेल. मी वाचत राहिले, टाळ्याही झाल्या. रात्री गाद्या घालताना नानांनी हळूच विचारलं, "तिले ईचारं व्हतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन मागच्या पडवीत तिच्याशेजारी बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. ती गहू निवडत होती, मान वर केली नाही. पण मी थांबले की म्हणायची, "पुढे वाच." सुट्टी वाढवून घेतली आणि अकरा दिवस वाचत राहिले. म्हणून यादीत हेही लिहा: प्रकाशनानंतर लगेच परत निघू नका, तिकीट आठवड्याभराने काढा.

शेवटचं एक. दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांसाठी एक प्रत वेगळी ठेवा आणि तिच्यात पेन्सिल घालून ठेवा. माझ्या प्रतीत पहिली दुरुस्ती ५७ व्या पानावर आहे, फुईने सांगितलेली. विहीर गावाजवळ नव्हती, मळ्यात होती, आणि ती तिथे एकटी जात नसे, माझी आजी सोबत असे.