मुदत संपते, कविता वहीतच राहते: स्पर्धेत उतरताना नव्या कवीने टाळायच्या चुका

काव्यलेखन स्पर्धेचं आवाहन व्हॉट्सॲपवर येतं. आपण ते स्टार करून ठेवतो, मनात दोन-तीन कविता निवडतो आणि 'अजून एकदा हात फिरवू' म्हणता म्हणता तारीख उलटून जाते. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाआधी आणि पुन्हा दिवाळी अंकांच्या तयारीच्या दिवसांत अशी आवाहनं भरपूर येतात. कविता चांगली असूनही ती पाकिटात न घातलेले कवी माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत. त्यांना सांगावंसं वाटतं ते सगळं इथे एकत्र लिहितो आहे.

आधी भीतीचं बघू, कारण तिचे दोन भाग असतात आणि आपण ते एकत्र कालवतो. 'माझी कविता कच्ची असेल' हा पहिला भाग. ही शंका रास्त आहे, ती असावीच. 'ती कच्ची आहे हे सगळ्यांना कळेल' हा दुसरा. लेखी स्पर्धेत या दुसऱ्या भीतीला काही आधारच नाही. निकालपत्रात पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन-तीन उत्तेजनार्थ एवढीच नावं असतात. बाकीच्यांची यादी कुणी लावत नाही. बऱ्याच ठिकाणी परीक्षकांकडे फक्त क्रमांक टाकलेल्या कविता जातात, कवी कोण हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नसतं. म्हणजे हरलात तर ते तुम्हाला आणि फार तर आयोजकांच्या वहीला ठाऊक. आत्मविश्वास आला की पाठवीन, असं ठरवून बसलेले लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. चार वेळा पाठवून काही आभाळ कोसळत नाही हे दिसलं, की मग तो हळूहळू येतो.

भाषेची लाज

गावाकडून आलेल्या नव्या कवींची ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. मूळ कविता अहिराणीच्या, वऱ्हाडीच्या किंवा मालवणीच्या वळणाची असते. स्पर्धेला पाठवताना मात्र ती 'शुद्ध' केली जाते आणि तिचा जीवच जातो. बहिणाबाई चौधरींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांच्या खानदेशी बोलीतच राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या, त्यानंतर चिरंजीव सोपानदेवांनी त्या ओव्या उतरवलेली वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्या कविता छापून आल्या. गिरणगावात वाढलेले, कामगारांच्या भाषेत लिहिणारे नारायण सुर्वे १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा 'आपली भाषा स्पर्धेत चालेल का?' हा प्रश्न मराठी कवितेत कधीच निकालात निघालाय. नियमावलीत 'प्रमाण मराठीतच' असं स्पष्ट छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी. शुद्धलेखन मात्र तपासा. बोली आणि टायपिंगची चूक यांतला फरक परीक्षकाला लगेच कळतो.

पहिल्यांदाच काळजाचा तुकडा पाठवणं

वडील गेल्यानंतर लिहिलेली कविता पहिल्याच स्पर्धेला पाठवली आणि ती निवडली गेली नाही, तर नकार कवितेला मिळाला असं वाटतच नाही, वडिलांना मिळाल्यासारखं वाटतं. मग वही मिटते ती वर्षभर. सुरुवातीला अशी कविता निवडा जी तुम्हाला आवडते, पण जिच्यावर कुणी बोट ठेवलं तर झोप उडणार नाही. काळजातली कविता थोडी थांबू शकते. लिहून झाल्यावर काही महिने गेले की तिच्यातल्या अनावश्यक ओळी तुमच्या तुम्हालाच दिसायला लागतील.

घरच्या ग्रुपवरची दाद

'खूप छान', 'अप्रतिम', दोन अंगठे आणि एक गुलाब. आत्याला पुतण्या आवडतो म्हणून कविता आवडते, त्यात तिचं काही चुकत नाही. पण त्या दादेच्या जोरावर स्पर्धेत उतरलात तर पहिला नकार पचत नाही. कवितेला एक तरी परका वाचक हवा. त्याला 'कशी वाटली?' असं मोघम विचारू नका. कोणती ओळ दुसऱ्यांदा वाचावीशी वाटली आणि कुठे कंटाळा आला, एवढंच विचारा. १९२०च्या दशकात पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी एकत्र बसून एकमेकांना कविता वाचून दाखवत. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली नावं. आजही तालुक्याच्या वाचनालयात किंवा साहित्य परिषदेच्या शाखेत महिन्याकाठी काव्यकट्टा भरतो. पहिल्या खेपेला नुसतं मागे बसून ऐकलंत तरी चालेल.

नियम न वाचणं

पहिल्या चाळणीत बाद होणाऱ्या प्रवेशिकांपैकी कितीतरी कवितेच्या दर्जामुळे बाद होतच नाहीत. 'ओळी वीसपर्यंत' असं लिहिलेलं असताना बत्तीस ओळी येतात. 'कवितेच्या कागदावर नाव नको' अशी अट असताना खाली ठळक अक्षरांत नाव, टोपणनाव, गाव आणि मोबाइल नंबर. युनिकोडमध्ये मागितलेली कविता जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवली तर आयोजकांच्या संगणकावर तिची चिन्हांची खिचडी होते. मग ती उलगडत कोण बसणार? टाइप केलेली कविता आधी स्वतःलाच ईमेल करा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. ओळींची मोडतोड कुठे झाली ते तेव्हाच कळतं.

'स्वरचित व अप्रकाशित' या अटीवर बरेच जण अडखळतात. फेसबुकवर टाकलेली कविता प्रकाशित धरायची का? काही आयोजक धरतात, काही नाही. आधी विचारून घ्या, आणि स्पर्धेसाठी राखलेल्या दोन-चार कविता समाजमाध्यमांपासून लांबच ठेवा.

प्रकार समजून न घेणं ही याच जातीची चूक. अष्टाक्षरी मागितली असेल तर प्रत्येक चरणात आठ अक्षरं हवीत. 'पाऊस आला अंगणी' यात बरोबर आठ भरतात. जोडाक्षर एकच अक्षर धरतात, म्हणून 'स्पर्धा' हा शब्द दोन अक्षरांचा. मात्रा, म्हणजे लघु-गुरू उच्चाराचं माप, मोजताना हाच हिशेब बदलतो, आणि अक्षरं आणि मात्रा यांची गल्लत करणारे पुष्कळ असतात. गझल विभागात तर दुसरी-चौथी ओळ जुळवलेलं काहीही येऊन पडतं. गझलेला एकच वृत्त शेवटपर्यंत सांभाळावं लागतं, मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया (यमक) आणि असल्यास रदीफ (यमकानंतर जसाच्या तसा येणारा शब्द) यावा लागतो, आणि दोन ओळींचे साधारण पाच शेर तरी अपेक्षित असतात. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती याच अडचणीसाठी. ती वाचूनही वृत्त जमत नसेल तर मुक्तछंद विभागात पाठवा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मुक्तछंद म्हणजे गद्याच्या ओळी मध्येच तोडणं नव्हे. मोठ्याने वाचून पाहा. श्वास जिथे आपोआप थांबतो तिथे ओळ थांबते का?

प्रमाणपत्रांचा ढीग

इथे मी जरा कडक बोलणार आहे. रोज स्पर्धा, रोज निकाल, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला 'सर्वोत्कृष्ट', 'उत्कृष्ट' किंवा 'प्रथम' ठरवणाऱ्या ऑनलाइन समूहांचा सुळसुळाट झालाय. भित्र्या कवीला सुरुवातीला तिथे बरं वाटतं, आणि दिलेल्या विषयावर रोज लिहायची सवय म्हणून महिनाभर काढला तर बिघडत नाही. पण जिथे कुणीच हरत नाही तिथे तुमची कविता नक्की कुणी वाचली? वर्षभराने मोबाइलमध्ये शेकडो रंगीत प्रमाणपत्रं असतात आणि खऱ्या स्पर्धेची धास्ती होती तेवढीच राहते.

त्याच्या पुढची पायरी पैशांची. 'आपली कविता प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली गेली आहे, अमुक रुपये भरा, दोन प्रती आणि सन्मानचिन्ह मिळेल.' हा सरळ छपाईचा व्यवहार आहे. तो हौसेने करायला हरकत नाही, त्याला निवड समजू नका. 'आयएसबीएनसह' या शब्दाला भुलू नका. तो पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक असतो, दर्जाचा शिक्का नसतो, आणि भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो मोफत मिळतो. स्पर्धेला थोडं प्रवेशशुल्क असणं वावगं नाही. परीक्षकांची नावं, बक्षिसाची रक्कम, निकालाची तारीख आणि मागच्या वर्षीचा निकाल या गोष्टी जाहीर आहेत का, ते बघून मग पैसे भरा.

'प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' अशी ओळ दिसली तर थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवितेचा पहिला हक्कदार कवी असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि कवीच्या सहीने द्यावे लागतात. एकदा अंकात छापायची परवानगी देणं वेगळं आणि कविता कायमची देऊन टाकणं वेगळं. सही करण्याआधी विचारा. विचारल्यावर चिडणारा आयोजक असेल तर तिथे कविता न गेलेलीच बरी.

सादरीकरणाच्या स्पर्धेबद्दल थोडक्यात. तीन मिनिटं दिलेली असतात आणि त्यातली दोन 'ही कविता मला कशी सुचली' यातच जातात. प्रस्तावना एका वाक्याची ठेवा किंवा ठेवूच नका. घरी घड्याळ लावून उभ्याने वाचा. कागदावर अक्षर मोठं असू द्या, कारण मोबाइलवरून वाचताना नेमका कडव्याच्या मध्ये फोन येतो. दाद मिळाली नाही म्हणून शेवटची ओळ तीनदा म्हणू नका. साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यासाठी कविता आधी मागवल्या जातात, त्यामुळे ऐन वेळी मंडपात जाऊन नाव घालता येईल या भरवशावर राहू नका.

नवोदितांची अजून एक गफलत म्हणजे स्पर्धा आणि पुरस्कार एकच समजणं. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विशाखा पुरस्कार हे छापलेल्या संग्रहाला मिळतात, सुट्या कवितेला नाही. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही पुस्तकालाच असतो, तोही वयाच्या पस्तिशीपर्यंत. ते डोळ्यांसमोर ठेवून घाईघाईने पदरमोड करून पहिला संग्रह काढणारे पुष्कळ आहेत. आधी सुट्या कविता अंकांतून, स्पर्धांतून फिरू द्या.

आणि एक वही घाला: कवितेचं नाव, कुठे पाठवली, कधी, निकालाची तारीख. एकच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी गेली आणि दोन्हीकडे निवडली गेली तर नाव खराब होतं, कारण परीक्षक आणि संपादक एकमेकांना ओळखतात. निकाल लागला आणि यादीत नाव नसलं, तर आठवडाभराने ती कविता पुन्हा वाचा, जे खटकेल ते बदला आणि वहीत पुढच्या स्पर्धेचं नाव लिहून पाठवून द्या.