परदेशात पैसे देताना: दर कोण ठरवतंय ते बघा

परदेशात कार्ड यंत्राला लावलं की कधीकधी पडद्यावर दोन रकमा दिसतात. एक तिथल्या चलनात, दुसरी आपल्या देशाच्या चलनात. दुसरी ओळखीची वाटते, हिशेब सोपा होतो, म्हणून बोट तिकडेच वळतं. नेमकं तिथेच नुकसान होतं.

या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. स्थानिक चलन निवडलं, तर दर व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क लावतं आणि तो बँकांच्या आपसातल्या घाऊक चलनबाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक तिचा मार्कअप, म्हणजे दरावरची जादा टक्केवारी, घेते. तो किती हे आधी विचारता येतं. आपलं चलन निवडलं, तर दर ठरवतो दुकानदाराच्या यंत्रामागचा मध्यस्थ, आणि तो स्वतःचा नफा त्यातच मिसळतो. 200 युरोंच्या हॉटेल बिलात 6 टक्क्यांचा फरक पडला, तर 12 युरो उगाच गेले. वर काही बँका व्यवहार परदेशात झाला म्हणून त्यांचं शुल्क वेगळं लावतातच. म्हणून नियम एकच: नेहमी स्थानिक चलन. काउंटरवरचा माणूस न विचारताच बटण दाबतो, असंही होतं. पावतीवर चलन कोणतं आहे ते तिथेच वाचा आणि चुकलं असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. मागे रांग असली तर थोडा संकोच वाटतो, मलाही वाटतो, पण सांगावं.

एटीएमवर हाच प्रश्न जरा भीती घालून विचारला जातो: ‘हा दर मान्य आहे की नाकारायचा?’ नाकारलं तर पैसेच येणार नाहीत, असं वाटतं. पण सहसा यंत्र पैसे देतं, फक्त दर आपल्या बँकेच्या बाजूने लागतो. पर्यटनस्थळी भिंतीत बसवलेल्या सुट्या यंत्रांपेक्षा बँकेच्या शाखेतलं एटीएम बरं, तेही शाखा उघडी असताना. कार्ड आत अडकलं तर विचारायला कोणीतरी असतं. दर वेळी ठरावीक शुल्क लागत असेल, तर चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा. क्रेडिट कार्डाने रोकड मात्र काढू नका. त्यावर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

ही वेळ येण्याआधी घरून थोडी तयारी हवी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा, मर्यादा बघा. शक्य असेल तर वेगवेगळ्या खात्यांची दोन कार्डं घ्या आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका. पिन पाठ हवा. आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो, तो नंबर तिकडे चालू राहील ना? हे विमानतळावर उतरल्यावर आठवून उपयोग नसतो. कार्ड बंद करण्याचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण फोन आणि पाकीट एकदमही जाऊ शकतात.

रोकड किती न्यायची, हे देशावर अवलंबून. स्वीडनमध्ये अनेक दुकानं नोटा घेतच नाहीत. लंडनच्या बसमध्ये जुलै 2014 पासून रोख चालत नाही, कार्ड टेकवलं की झालं. उलट जपानमध्ये छोट्या खाणावळीत आणि देवस्थानांत अजून रोख लागते. तिथे सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातली एटीएम परदेशी कार्डं घेतात. मागच्या प्रवासातल्या नोटा नेत असाल तर त्या चालतात का ते बघा. ब्रिटनच्या 20 आणि 50 पौंडांच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत आणि क्रोएशियात 2023 पासून ‘कुना’ या जुन्या चलनाच्या जागी युरो आला.

चलन बदलून घेताना ‘कमिशन नाही’ या पाटीला भुलू नका. खरेदी आणि विक्रीचे दर बघा. एकच चलन 90 ला घेतात आणि 110 ला विकतात, तर मधला दर साधारण 100. म्हणजे तुमचे दहा टक्के कमिशनशिवायच गेले. विमानतळावर हे अंतर बहुधा जास्त असतं, तिथे टॅक्सीपुरतेच बदला.

मोठी रक्कम सोबत असेल तर युरोपीय संघात शिरताना किंवा तिथून निघताना 10,000 युरो किंवा अधिक रोख जाहीर करावी लागते. अमेरिकेत 10,000 डॉलरहून जास्त असली तर. जाहीर करणं म्हणजे कर भरणं नव्हे, पण लपवलेली रक्कम जप्त होऊ शकते.

हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्या देणारे अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरेच पैसे काही दिवस अडकतात, म्हणून इथे क्रेडिट कार्ड पुढे करा.

शेवटच्या दिवशी नाण्यांकडे बघा. चलन बदलणारे ती सहसा घेत नाहीत. हॉटेलचं बिल भरताना सगळी चिल्लर काउंटरवर मोजा आणि उरलेलं कार्डावर, अर्थात स्थानिक चलनात.