फोन वाजला नाही तरी डाव जातो: बुद्धिबळ स्पर्धेत या चुका टाळा

बुद्धिबळाचा पंच म्हणून मी ज्यांचे डाव नियमभंगासाठी काढून घेतले, त्यातले बहुतेक लबाड नव्हते, निष्काळजी होते. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक फोनची. 'सायलेंटवर आहे, मग काय होतंय?' हे मी दर स्पर्धेत ऐकतो. फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना; तिच्या 11.3 नियमानुसार परवानगी नसलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण अंगावर सापडलं की डाव गेला. स्पर्धेच्या नियमांत सौम्य शिक्षा लिहिलेली असेल तरच सुटका. हा नियम स्वच्छतागृहात आणि चहापाण्याच्या जागेतही लागू. 2003 साली प्लोवदिवच्या युरोपियन सांघिक स्पर्धेत रुस्लान पोनोमारिओव्हचा फोन वाजला आणि त्याने डाव गमावला. तेव्हा तो फिडेचा जगज्जेता होता!

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एक मुलगी हत्ती-प्याद्यांचा शेवट जिंकत आली होती, प्यादं सातव्या रांगेत, एक घर पुढे गेलं की वजीर. तेवढ्यात तिच्या अंगातल्या जॅकेटमध्ये अलार्म वाजला. हॉल गार म्हणून आईने सकाळी आपलं जॅकेट दिलेलं, खिशात फोन तसाच. मी घड्याळ थांबवलं. डाव गेला. तिने काही न बोलता स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, सही केली, पण प्याद्यावरची नजर हटली नाही. तेव्हापासून फेरीआधी मी सगळ्यांना खिसे उलटे करून बघायला लावतो, उसने कपडे असतील तर दोनदा. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

दुसरी चूक, स्कोअरशीटवर 'घाई नको', 'उंट बघ' असं लिहिणं. खेळताना कुठल्याही टिपणांचा आधार चालत नाही, मग ती स्वतःच्या हातची का असेनात. 2015 च्या अमेरिकन अजिंक्यपदात वेस्ली सो या खेळाडूने आधी ताकीद मिळूनही स्वतःला धीर देणारी वाक्यं कागदावर लिहिली आणि डाव गमावला. त्यात एकही चाल नव्हती. चाल खेळण्याआधी लिहून ठेवणंही बंद आहे. आधी खेळा, मग लिहा.

आपली चाल असताना विचारल्याशिवाय जागा सोडू नका. चालू डावाबद्दल मित्राशी बोलू नका, 'बरा चाललाय का?' एवढंही नको. आणि पालकहो, लांबून खुणा करू नका; शिक्षा मुलाला होते.

ऑनलाइन खेळताना 'फक्त ओपनिंग (डावाची सुरुवात) तपासलं' म्हणत इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, उघडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. महिन्याभरात रेटिंग हवं असतं, हरायची तयारी नसते. डाव संपू द्या, आपली चूक आधी स्वतः शोधा, मग इंजिन लावा. मी शिकवतो त्या मुलांना हरलेला डाव त्या रात्री इंजिनला दाखवायची मुभाच नाही.

समोरच्याचा संशय आला तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवा आणि हळू आवाजात सांगा. हॉलमध्ये ओरडून आरोप करू नका. बिनबुडाच्या आरोपालाही शिक्षा होऊ शकते.