आयसीयूतून गेलेला पेशंट पुढे कसा आहे, हे मोजायचं कसं

कोकणात आयसीयूवर थिसिस करताय ना, मग नुसते मृत्यू मोजू नका. पावसात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) पेशंट येतो तो किडनी बसूनच, तो आणि ऑपरेशननंतर एक रात्र ठेवलेला एकाच तराजूत कसे बसणार? म्हणून प्रत्येकाचा अपाचे टू स्कोर काढा, म्हणजे पेशंट किती सिरियस ते सांगणारा आकडा, १९८५ ची पद्धत आहे, पहिल्या २४ तासांतल्या १२ मोजमापांच्या सगळ्यात वाईट व्हॅल्यू, वर वय आणि जुने आजार, मिळून ० ते ७१. मग झालेल्या मृत्यूंना स्कोरवरून अपेक्षित मृत्यूंनी भागायचं, उत्तर १ च्या वर आलं तर अपेक्षेपेक्षा जास्तच दगावले.

आता आपल्याकडची खरी गोची. सिरियस पेशंट कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला हलवतात नि रजिस्टरात 'डिस्चार्ज' पडतं, म्हणजे कागदावर जिवंत! मी पण आधी तसंच धरलेलं, सरांनी झापलं. अशांना २८ व्या दिवशी फोन करा, जमलं तर ९० व्या दिवशी परत. नंबर दोन घ्या, एक मुंबईतल्या चाकरमान्याचा, वाडीत रेंज मिळेलच असं नाही. आणि जिवंत आहेत का असं धाडकन विचारू नका हो, तब्येत कशी म्हणा, मग चालणं, झोप, विसरभोळेपणा. एथिक्स कमिटीची परवानगी आणि संमती मात्र फोनच्या आधी.